पन्नासाव्या पानावरचा डब्ल्यू

आमच्या गल्लीतल्या विनिफ्रेड सग्डन यांना आठवड्याला दोन खून लागतात. पाऊस आडवा यायला लागला की तीन. पण कुठलाही खून चालत नाही. गुलाब छाटता छाटता खुनी शोधणाऱ्या हौशी म्हाताऱ्या त्यांना मुळीच खपत नाहीत. "तपास हे पगारी माणसांचं काम आहे," त्या म्हणतात. "उद्या मी उठून कुणाचं अपेंडिक्स काढीन का?" त्यांना हव्या असतात पोलीस ठाण्यातल्या कादंबऱ्या. माळरानावर सापडलेलं प्रेत, घटस्फोटित इन्स्पेक्टर, त्याच्याहून हुशार आणि त्याच्यावर कायम वैतागलेली सार्जंट, शुक्रवारपर्यंत निकाल मागणारा वरिष्ठ, आणि प्रत्येक प्रकरणात कागदी कपात गार होत बसलेला चहा. चहा गार झाला की बाईंना खरं दुःख होतं. प्रेताचं तेवढं नाही.

सग्डनबाईंनी सगळी नोकरी आमच्या खोऱ्यातली बस चालवण्यात काढली. हॅगशॉ गावातून निघून चढ चढायचा, वरच्या वाडीला वळसा घालायचा आणि परत यायचं. ड्रायव्हरच्या आरशात मागे बसलेली माणसं दिसतात, आणि आपल्याकडे कुणी बघत नाही असं वाटलं की माणसं खरी दिसतात, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे खुनी कोण हे इन्स्पेक्टरच्या आधी आपल्याला कळतं, हा त्यांचा आयुष्यातला एकमेव गर्व. दर रविवारी लेकीचा, गिलियनचा फोन आला की तब्येतीआधी त्या खुन्याचं नाव सांगत.

"आई, मी ते पुस्तक वाचणार होते."

"आता वेळ वाचला तुझा."

ही पुस्तकं यायची गावातल्या वाचनालयातून. ते आता गावातलीच माणसं बिनपगारी चालवतात. मीही शनिवारी सकाळी जाते. तिथे एक जुनी रीत आहे. ती कुठल्या पाटीवर लिहिलेली नाही आणि तिच्याबद्दल कुणी मोठ्याने बोलतही नाही. या कादंबऱ्यांची मुखपृष्ठं सगळी सारखी असतात: धुकं, आणि धुक्यात पाठमोरा चालणारा एकटा माणूस. नावंही थंड, रक्त, शांतता आणि हाडं या चार शब्दांना उलटंसुलटं करून केलेली. मग आपण हे वाचलंय की नाही, कळायचं कसं? म्हणून प्रत्येक म्हाताऱ्या वाचकाची एक खूण असते. पेन्सिलीने, अगदी बारीक. निवृत्त खाटीक हेग विसाव्या पानाच्या आकड्यातलं शून्य भरतात. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बाई छोटा मासा काढतात. सग्डनबाई पन्नासाव्या पानाच्या आकड्याखाली डब्ल्यू लिहितात. पुस्तक घेताना सगळे जण भिंतीकडे तोंड करून आपलं पान बघतात, आणि बाकीचे तेवढा वेळ छताकडे बघतात.

फेब्रुवारीत एका सकाळी सग्डनबाईंनी मला कुंपणाच्या भिंतीपाशी हाक मारली. हातात पुस्तक होतं, पण बोट कुठल्याच पानात घातलेलं नव्हतं.

"पोरी, तुझं डोकं चालतं. खरं सांग. माझं डोकं गळायला लागलंय का?"

"काय झालं?"

"हे परवा घेतलं. पन्नासावं पान कोरं. आणि तिसऱ्या प्रकरणात मला कळलं की मेव्हण्याने मारलंय. बोटीवर. नांगराने."

"तुम्हाला नेहमीच कळतं की."

"नांगर कसा कळेल? नांगर अजून आलेलाच नाही गोष्टीत!" त्यांनी आवाज खाली आणला. "गेल्या आठवड्यातलं पण तसंच. म्हणजे मी वाचते, खूण करायची विसरते, आणि वाचलं हेच विसरते. आणि माझ्या मूर्ख तोंडाने मी गिलियनला नांगर सांगून बसले. ती म्हणाली, आई, हा नांगर तू मला नाताळात सांगितला होतास."

गिलियन हॅरोगेटला एका शाळेची उपमुख्याध्यापिका आहे. निर्णय घेणं हा तिचा स्वभावच. तिने आईसाठी तिकडे एक फ्लॅट बघून ठेवला होता. वृद्धांच्या इमारतीत, खाली देखरेखीला बाई, भिंतीला मदतीची बेल. शनिवारी ती घराच्या दलालाला घेऊन येणार होती.

"फक्त बघायला येतोय म्हणे," सग्डनबाई म्हणाल्या. "खाटीकसुद्धा मेंढी आधी फक्त बघतो. हॅरोगेट! तिथली माणसं बिस्किट चहात बुडवत नाहीत, माहितीये? कोरडंच खातात. माझा नवरा, वॉल्टर, या घरातून पाय पुढे करून, शवपेटीतच गेला. मीही तसंच जाणार होते."

पाण्याच्या मीटरांचे आकडे तपासणारे प्रोग्रॅम लिहिणं हे माझं काम. धीर कसा द्यायचा ते मला येत नाही, म्हणून जे येतं ते बोलले. "एकाच घराचा मीटर वेडावाकडा आकडा दाखवतो तेव्हा मीटर बिघडलेला असतो. सगळी गल्ली दाखवायला लागली की रस्त्याखाली काहीतरी फुटलेलं असतं. इतरांना विचारलंत?"

"काय विचारू? 'हेग, तुम्हीही गळताय का?' असं?"

"पोलीस काय करतात अशा वेळी?"

सग्डनबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांची पाठ ताठ झाली. "घरोघर चौकशी," त्या म्हणाल्या, आणि पार्किन भाजायला आत गेल्या. हा आल्याचा आणि गुळाचा केक. त्यांच्या मते साक्षीदाराच्या तोंडात काहीतरी गोड आणि चिकट असलं की त्याला खोटं बोलायला वेळ लागतो.

हेग यांच्या घरी त्या मला साक्षीला घेऊन गेल्या. "नेहमी दोघांनी जायचं असतं. एकाने बोलायचं, दुसऱ्याने फक्त बघायचं. तू बघ."

हेग यांनी दार उघडलं. घरात माशांचा वास भरला होता.

"काय विनी, वर्गणी का?"

"नाही. पुस्तकं कशी चाललीत हल्ली?"

"छान," हेग म्हणाले, जरा जास्तच लवकर.

"नवीन वाचताय?"

"नवीनच. सगळी नवीन." त्यांनी पार्किनचा मोठा तुकडा तोंडात घातला आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

"हेग, मेव्हण्याने कशाने मारलं?"

"नांगरा..." ते थांबले. चावणंही थांबलं. एवढा दांडगा माणूस, पण चेहरा एकदम लहान झाला. "विनी, कुणाला सांगू नकोस. माझं संपलं बघ. पुस्तक कोरं असतं आणि मला सगळं पाठ. डॉक्टर म्हणाली तेलातले मासे खा, मेंदूला चांगले. महिनाभर सार्डिन खातोय. आयुष्यभर मेंढी विकली मी, आणि आता मांजरासारखा जगतोय."

सग्डनबाई खुर्चीत मागे टेकल्या. इतकं समाधान मी त्यांच्या चेहऱ्यावर तोपर्यंत पाहिलं नव्हतं. "डबे फेकून द्या हेग. तुमचं डोकं शाबूत आहे. गुन्हा झालाय."

दुपारपर्यंत चार घरं झाली. ऑर्गनवाल्या बाई चोरून शब्दकोडी सोडवत होत्या. एक गृहस्थ बायकोला कळू नये म्हणून तेच पुस्तक तिसऱ्यांदा वाचून तिसऱ्यांदा दचकून दाखवत होते. सगळ्यांनाच वाटत होतं की आपल्या एकट्याचंच डोकं जातंय, आणि सगळेच एकमेकांना हवापाण्याबद्दल बोलून निरोप देत होते. फक्त प्रेमकथा वाचणाऱ्यांना काही झालेलं नव्हतं. शेवटी लग्न होणार हे त्यांना दर वेळी आधीच माहीत असतं.

संशयित एकच होता. नाताळानंतर वाचनालयात नव्याने यायला लागलेले क्लिफर्ड एन्टविसल. गालिच्यांच्या दुकानातून निवृत्त झालेले, अतिशय टापटीप, आणि डोंगरापलीकडच्या लँकशायरचे. आमच्या यॉर्कशायरमध्ये एवढा पुरावा पुष्कळांना पुरतो.

"लँकशायर!" हेग म्हणाले. "मी म्हणत नव्हतो?"

"तुम्ही काहीही म्हणत नव्हता. तुम्ही सार्डिन खात होतात," सग्डनबाई म्हणाल्या.

शुक्रवारी त्या वाचनालयात गेल्या. एन्टविसल यांच्यासमोर चहा ठेवला, स्वतः समोर बसल्या आणि चांगला वेळ गप्प राहिल्या. गप्प राहिलं की संशयित बोलतो, हे त्या वाचून होत्या. एन्टविसल खरंच बोलले.

"बरं झालं आलात मिसेस सग्डन. कुणीतरी दखल घेईल अशी आशा होतीच." त्यांनी अभिमानाने खण उघडला. आत एका डब्यात खोडरबरं होती, मऊपासून कडकपर्यंत ओळीने लावलेली. "पोरांनी पुस्तकांची काय दशा केली होती! ठिपके, मासे, काय न् काय. रोज पिशवी भरून घरी नेतो आणि टीव्हीसमोर बसून साफ करतो. गुन्हेकथांचा विभाग पूर्ण झाला. आता बागकामाचा घेतलाय."

सग्डनबाई बऱ्याच गोष्टी बोलणार होत्या. संशयिताचे हक्क त्यांना तोंडपाठ होते. पण समोरचा माणूस इतका खूश होता की त्यांनी नुसतं सांगितलं, पोरं कोण होती ते. आणि शनिवारी कोण येणार आहे तेही.

एन्टविसल यांचा रंग उतरला. हातातलं बिस्किट चहात बुडवलेलं तसंच राहिलं, मऊ झालं आणि तळाला गेलं.

"पण... कुणी काही बोललं का नाही?"

"बोलणार कोण, मिस्टर एन्टविसल? सगळ्यांना वाटलं, आपणच."

शनिवारी गिलियन आली. सोबत टोकदार बुटांचा दलाल होता. तो लगेच लाल दिव्याचं यंत्र घेऊन भिंती मोजायला वर गेला. सग्डनबाईंनी लेकीला आणि मला स्वयंपाकघरात बसवून सगळं प्रकरण क्रमाने मांडलं.

"आई, कुणीतरी खोडरबर घेऊन गावाची स्मरणशक्ती पुसतंय, हे तुला बरं वाटतंय का बोलायला?"

"कबुलीजबाब आहे."

"ते गृहस्थ ठिपके खोडतात, मान्य. पण तुझी खूण त्यात होती कशावरून? तू केलीच नसशील तर?"

उपमुख्याध्यापिका ती. सग्डनबाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी पडदा ओढला आणि फोनचा दिवा कागदाला जवळजवळ चिकटवून आडवा धरला. पेन्सिल पुसली तरी कागद दबलेला राहतो. गेल्या आठवड्यातल्या पुस्तकाचं पन्नासावं पान: आकड्याखाली बारीक, वाकडातिकडा डब्ल्यू सावलीसारखा वर आला. नांगराचं पुस्तक: डब्ल्यू. गिलियन पुढे झुकली. तिने बोट फिरवून बघितलं.

"हं," ती म्हणाली. तिच्याकडून एवढंही खूप होतं. मग तिला टेबलाच्या कडेला ठेवलेलं तिसरं पुस्तक दिसलं. "आणि हे? गेल्या रविवारी तू फोनवर सांगितलंस ते. वकीलबाईने मारलंय म्हणालीस. अर्धंसुद्धा झालं नव्हतं तुझं."

"ते मग पुढे वाचलंच नाही मी. जीव धजला नाही."

मी दिवा धरला. पन्नासावं पान सपाट. उलटसुलट करून बघितलं, मागून बघितलं. काहीच नाही.

वर दलालाचं यंत्र टुक टुक वाजत होतं. सग्डनबाईंनी हात मांडीवर ठेवले. कुणी काही बोलण्याआधी त्याच बोलल्या. "दोनच शक्यता. एक तर हे मी वाचलं आणि खूण करायची खरोखर विसरले. नाहीतर वाचलंच नाही आणि वकीलबाईला मी स्वतः पकडलं."

"तू नेहमीच बरोबर असतेस आई," गिलियन हळूच म्हणाली. "त्यामुळे कळणार कसं?"

तेव्हा सग्डनबाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकलं. "कळेल," त्या म्हणाल्या. "वकीलबाईने मारलं नसेल, तर कळेल."

उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना आपण चुकावं असं वाटत होतं. त्यांनी पुस्तक लेकीकडे सरकवलं. "शेवट वाच. मोठ्याने. मला चष्मा सापडत नाहीये." चष्मा डोक्यावरच होता. आम्ही दोघीही त्याबद्दल बोललो नाही.

गिलियनने शेवटाकडची पानं उलटली. तिच्या कपाळाला आठी पडली. तिने जरा मागे जाऊन बघितलं. आणखी मागे गेली.

"आई, वकीलबाई इथे नाहीच."

"पळाली?"

"मेली. अर्ध्यातच. हिरवळ कापायच्या यंत्राखाली." ती आणखी पुढे वाचत गेली. "खुनी पोस्टमन आहे."

"पोस्टमन?" सग्डनबाई उभ्या राहिल्या. "तो लंगडा? मांजराला दूध घालणारा? त्याच्यावर मी क्षणभरही संशय घेतला नाही!"

"किंवा," गिलियन सावकाश म्हणाली, "वाचलं असशील आणि चुकीचं आठवलं असेल."

"गिलियन सग्डन! हिरवळ कापायच्या यंत्राखाली गेलेली वकील कोण विसरेल? तू विसरशील?"

गिलियनने खरोखर विचार केला. मग तिचे खांदे खाली आले, आणि ती हसायला लागली. "नाही. मला आज रात्री स्वप्नात येणार आहे ती."

"चुकले!" सग्डनबाई मला म्हणाल्या, मग भिंतीवरच्या वॉल्टरच्या फोटोला म्हणाल्या, मग केटलीला. "पार चुकले! साफ! मुळातच!"

दलाल जिन्यावरून डोकावला. "ठीक आहे ना सगळं? मागच्या खोलीचं माप राहिलंय."

"राहू दे," गिलियन म्हणाली. "चहा घेऊन जा."

सग्डनबाईंनी त्याच्यासमोर कप ठेवला, बिस्किटांची बशी ठेवली आणि डोक्यावरचा चष्मा खाली ओढून त्याच्याकडे बारीक नजरेने बघत राहिल्या. त्याने बिस्किट उचललं आणि कोरडंच खाल्लं.

"हॅरोगेटचा," त्या माझ्या कानात म्हणाल्या. "हा खून करू शकतो." मग त्यांनी ॲप्रनच्या खिशातून पेन्सिल काढली आणि त्या पोस्टमनच्या पुस्तकाच्या पन्नासाव्या पानावर इतका दाबून डब्ल्यू लिहिला की टोक मोडलं.