सदऱ्यावरचा निळा डाग

खरचटलेल्या बोटाला नातीनं आयोडीन लावलं आणि त्या वासासरशी मी परळच्या गिरणीतल्या प्रयोगशाळेत पोचले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. बाबा त्याच गिरणीत सुताला खळ चढवायचे, आणि मी, नवी बी.एस्सी., तीच खळ विणलेल्या कापडावरून उतरवायला नेमलेली. आधी ती ॲसिडनं काढायचे, त्यात कापड विरायचं. मी जवाच्या मोडांतून काढलेलं एन्झाइम वापरलं. कोमट पाण्यात ते फक्त खळ खातं, सुताला हात लावत नाही. मुलीला काय जमणार म्हणून हसणारे सगळे दाराशी गोळा झाले. मी कापडावर आयोडीनचा थेंब टाकला. खळ उरली असती तर तो निळा झाला असता, पिवळाच राहिला. तेवढ्यात बाबांनी खळीनं कडक झालेली आपली बाही पुढे केली. "चेडवा, हेच्यार टाक बघूया." थेंब पडताच काळानिळा डाग उमटला. तो सदरा त्यांनी आईला धुऊ दिला नाही. संध्याकाळी तोच घालून काळाचौकीच्या सभेला गेले आणि घोषणा थांबल्या की शेजारच्याला बाही दाखवत म्हणायचे, "ह्यां माझ्या चेडवान केल्यान!" आज बोटावरचा डाग पुसायला नात ओला कापूस घेऊन आली. मी हात मागे घेतला.