तेजरामजींचा बिनआवाजाचा कॉम्प्युटर

तुमसरच्या आमच्या गल्लीत तेजराम मारबते यांना सगळे दोन गोष्टींसाठी ओळखतात. ते चिखल्याच्या खाणीत वायंडर चालवायचे, म्हणजे माणसांना जमिनीखाली उतरवणारा आणि वर आणणारा पाळणा त्यांच्या हातात असे. आणि दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत त्यांची दंडार, म्हणजे नाचगाण्याचा लोकखेळ, उभी राहिली की मागच्या म्हाताऱ्यांनाही शब्दन् शब्द ऐकू येई, माइक असो की नसो. निवृत्त झाल्यावर खाणीची वसाहत सोडून ते आमच्या मागच्या घरात राहायला आले. तेव्हापासून माझी सकाळ त्यांच्या आलापाने उजाडायची.

गेल्या उन्हाळ्यात तो आलाप फाटू लागला. सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याने घसा खवखवतो असं सगळे म्हणत, तेही म्हणत. नागपूरच्या डॉक्टरांनी घशात दुर्बीण घालून पाहिलं आणि मे महिन्यातली ऑपरेशनची तारीख दिली. "आवाजाचं काय?" असं त्यांच्या सुनेने, मेघाने, विचारलं. गाठ किती खोल आहे ते आत गेल्यावरच कळेल, मी वचन देत नाही, असं उत्तर मिळालं.

नागपूरहून परतल्यावर ते घरी जायच्या आधी माझ्या ओसरीवर आले. कॉन्व्हेंटमध्ये असताना सिस्टरांनी मला पेटी शिकवली होती आणि ती पेटी अजून माझ्याकडे आहे, म्हणून गाण्याचं काही असलं की ते माझ्याकडे येत.

"बाई, गानं बंद पडनार म्हनते."

"असं कोण म्हणालं? नक्की सांगता येत नाही, एवढंच म्हणाले ना?"

"डाक्टर नक्की सांगत नाही तवा नक्कीच असते." ते खाली बसले. "गान्याचे बोल आमच्या दंडारीतल्या पोट्ट्यांले पाठ हायेत. चाली मात्र कोनाले येत नाही. माह्या बुढ्याच्या, बापाच्या चाली. त्या ह्याच्यातच हायेत." त्यांनी दोन बोटं गळ्यावर ठेवली आणि लगेच काढली, जणू तिथे चटका बसला.

चाली कुठेतरी भरून ठेवायच्या होत्या, ऑपरेशनच्या आत. सगळा प्रश्न एवढाच होता.

आधी मोबाइलवर करून पाहिलं. पण मोबाइल शहाणपणा करतो. माणूस बोलतो तेवढं ठेवतो, आणि एकच सूर लांबवर धरला की त्याला मागचा गोंगाट समजून पुसून टाकतो. तेजरामजींची गाण्यातली लांब हाक अर्ध्यातच बुडाली. नागपूरच्या एका स्टुडिओत जाऊन पाहिलं, तर तिथल्या थंड हवेत त्यांना खोकल्याची उबळ आली, आणि तेवढ्या वेळाचे पैसे देऊन हात हलवत परत यावं लागलं. शिवाय त्यांचा गळा आता फक्त पहाटे उघडायचा, तोही थोडा वेळ. माझं घर रस्त्यावर. धानाचे ट्रक उजाडायच्या आधी मिलकडे धावू लागतात. म्हणजे गाणं त्यांच्याच मागच्या खोलीत व्हायला हवं होतं.

मेघा कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. तिचा घरचा जुना कॉम्प्युटर होता. तिने चांगला माइक आणला, त्याला जोडला, आणि तेजरामजींनी पहिलंच गाणं ऐकून कानावरचा हेडफोन काढला.

"मेघा, गायले मी बसलो होतो का तुहा पंखा?"

खरंच, कॉम्प्युटरच्या खोक्यातला पंखा त्यांच्यावर मात करत होता. इतके दिवस घरात कुणाला तो ऐकूच आला नव्हता.

तिथून मेघाने आतले भाग बदलायचं ठरवलं. मी आजवर एवढंच ऐकून होते की कॉम्प्युटर जलद हवा. तिला उलटं हवं होतं: कमी तापणारा प्रोसेसर, कारण कमी तापेल त्याला कमी वारा लागतो. फिरणाऱ्या जुन्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी, कारण तिच्यात फिरणारं काही नसतं. ग्राफिक्स कार्ड तर नकोच. वीज देणारा एसएमपीएस असा, की काम हलकं असताना ज्याचा पंखा थांबून राहतो. आणि मोठी कॅबिनेट, म्हणजे बाहेरचं खोकं, तिच्यात मोठा पण सावकाश फिरणारा पंखा.

"तोही काहून पाह्यजे?" तेजरामजी म्हणाले. "काढून टाक ना."

"बाबा, मे महिना आहे. गाताना कूलर बंद, वरचा पंखा बंद. मधेच हा तापून बंद पडला तर?"

"मी खानीत नाही राह्यलो का गरमीत?"

"तुम्ही माणूस आहात. हा नाही सहन करत."

दुकानात ते स्वतः गेले. मीही गेले, कारण चंद्रभागाबाईंनी, त्यांच्या पत्नीने, माझ्या कानात सांगितलं होतं, "बाई, तुमी जा संग. थे दुकानदाराशी भांडून गळा खराब करतीन." दुकानदाराने समोर काचेची, रंगीत दिव्यांची कॅबिनेट लावली.

"काकाजी, हे घ्या. पोट्टे येडे झाले हिच्यासाठी. सात रंग बदलते."

"गाते का रे हे?"

"नाही जी."

"मंग बंद कर ते लाइट. दुसरी चालू कर."

एकेक चालू करायला लावून ते कॅबिनेटला कान लावत होते. दुकानातली माणसं हसत होती. "हा दमेकरी हाय," ते म्हणायचे. "हा शिट्टी मारते." शेवटी एका साध्या काळ्या कॅबिनेटपाशी ते बराच वेळ वाकून राहिले. "हा बरा हाय. म्हाताऱ्या बैलावानी सुस्कारते, पन बोलत नाही."

"काका, कॉम्प्युटर पाहाचा असते, आयकाचा नसते," दुकानदार म्हणाला.

"तीस वर्सं मी आयकूनच मानसं वर काढली, बापा." मग त्यांनी त्याला टोल्यांची रीत सांगितली. खालून दोरी ओढली की वायंडरच्या खोलीत घंटा वाजते. एक टोला म्हणजे थांब. दोन म्हणजे खाली सोड. तीन टोले म्हणजे पाळण्यात माणसं चढली आहेत, हळू ने. माल असेल तर चूक चालते, माणसं असली तर नाही. "आयकन्यात गडबड झाली तर घरी कोन सांगाले जाईन?" दुकानदाराने मग तीच कॅबिनेट बांधली.

कॉम्प्युटर जोडायला आम्ही माझ्या ओसरीवर बसलो, तिथे उजेड चांगला असतो म्हणून. प्रोसेसर मदरबोर्डवर ठेवताना मेघाचा हात जरा तिरपा झाला. तिने प्रोसेसर परत उचलला. मदरबोर्डवर त्या जागी केसासारख्या बारीक पिनांचं शेत असतं, आणि त्यातल्या दोन वाकल्या होत्या.

"बदलून मिळेल?" मी विचारलं.

"नागपूरला पाठवावा लागेल. कधी येईल सांगता येत नाही, आजी."

तिचा चेहरा पाहवत नव्हता. तारीख जवळ आली होती. सकाळचा आलाप आता आलाप राहिला नव्हता, नुसती खरखर झाली होती. मी माझं वाचायचं भिंग आणलं आणि तिच्यासमोर धरलं. माझा हात कापतो, म्हणून कोपर पेटीवर टेकवलं. ती सुईच्या टोकाने पहिली पिन उचलू लागली. तेजरामजी पायरीवर तोंडावर टॉवेल दाबून बसले होते. त्यांना खोकला येत होता आणि ते तो गिळत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दुसरी पिन सरळ झाली तेव्हा मेघाने वर न बघता हात केला, आणि ते अंगणाच्या टोकाला जाऊन पोटभर खोकले.

कॉम्प्युटर चालू झाला. कॅबिनेटवर हात ठेवल्याशिवाय तो चालू आहे हे कळत नव्हतं. मला वाटलं, सुटलो.

तो मागच्या खोलीत नेला, माइक लावला, तेजरामजींनी हेडफोन चढवला. गाणं सुरूच केलं नाही. डोळे मिटून ऐकत राहिले.

"कोनीतरी सूर धरून बसलं हाय अंदर."

मला तो लगेच ऐकू आला नाही. मग आला: घुंऽऽ, बारीक, अखंड. त्यांच्या हाताच्या खुणेने मी माझ्या पेटीवर स्वर शोधले. "पांढरी पाच," ते म्हणाले, "नाही, तिच्या जराशीक वर. काळी चारले पोचत नाही. बेसूर हाय हरामखोर!"

मेघाने वायरी बदलल्या, नवा एसएमपीएस काढून जुना लावून पाहिला, माइकची दिशा फिरवली. घुं तशीच. "तसंच गा ना," भुपेंद्र, त्यांचा मुलगा, खाणीच्या पाळीवरून येऊन म्हणाला. "मागं थोडंसं वाजलं तर काय होते?"

"हे माह्या बुढ्याच्या चालीत नाही."

"बाबा, उद्या निघाचं हाय."

त्यांनी हेडफोन काढून ठेवला. आदल्या दिवशीपासून ते बोलणं वाचवून ठेवत होते. जे उरलं होतं ते गाण्यासाठी.

चंद्रभागाबाई खोली पुसायला आल्या. कॅबिनेट सरकवताना त्यांनी हात झटकला. "मेघा, ह्याले हात लावला का मुंग्या येतेत वो."

मेघा जागच्या जागी थांबली. मग धावत जाऊन टेस्टर घेऊन आली आणि कॅबिनेटच्या लोखंडाला लावला. टेस्टरचा दिवा मिणमिणला. "अर्थिंग नाही आपल्या घराला," ती म्हणाली. "आई, अर्थिंगचा खड्डा कुठे आहे?"

"थो काय, तुळशीच्या बाजूले होता. मी तांदूळ धुतलेलं पानी तिथंच टाकत जावो. वायरमनच म्हने, ओलं ठेवत जा." मग त्यांनी तोंडावर हात ठेवला. "अवो, त्याच्यावर तर फरशी लागली. तुह्या लग्नाले!"

त्याच्या आदल्या वर्षी भुपेंद्र-मेघाच्या लग्नात मांडवासाठी सारं अंगण सिमेंट-फरशीने बांधून काढलं होतं. तुळस उचलून कोपऱ्यात ठेवली होती. वर्षभर त्या खड्ड्याला पाण्याचा थेंब मिळाला नव्हता, आणि वरून मे महिन्याचं ऊन. जमीन सुकली की वीज तिच्यात उतरत नाही, असं मेघाने मला समजावून सांगितलं. तीच बाहेर राहून माइकमध्ये गुणगुणत होती.

भुपेंद्रने सब्बल, म्हणजे पहार, घेतली. तेजरामजींनी ती त्याच्या हातातून ओढली. चंद्रभागाबाईंनी त्यांच्या हातातून. "धूळ जाईन गळ्यात! बाईकडं जाऊन बसा." ते माझ्या ओसरीवर येऊन बसले, तोंडाला रुमाल बांधून. मी पाणी दिलं, ते तसंच ठेवलं. मागून सब्बलीचे घाव ऐकू येत होते. एक घाव पडला, आणि पुढचा आलाच नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खड्डा सापडला नाही का? तार तुटली का? मग सलग तीन घाव पडले. रुमालाच्या वर त्यांचे डोळे जरा हसले. बोटाने त्यांनी वर खूण केली: माणसं चढली.

खड्ड्यात मीठ, कोळसा घातला, बादल्यांवर बादल्या पाणी ओतलं. संध्याकाळी हेडफोनमध्ये घुं बारीक झाली होती, गेली नव्हती. चंद्रभागाबाई झोपेपर्यंत पाणी टाकत राहिल्या. मी घरी आले, डायरी उघडली, नुसती तारीख लिहिली आणि मिटली.

पहाटे मेघा बोलवायला आली. हेडफोनमध्ये काहीच नव्हतं. इतकं काहीच नव्हतं की मला तो बंद पडला असं वाटलं.

तेजरामजी गायले. आवाज चिरका होता, मधे मधे नुसता वारा यायचा, पण चाल कुठेही वाकडी झाली नाही. कूलर बंद, खिडक्या बंद. घामाने त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. एक गाणं संपलं की मेघा कॅबिनेटवर तळवा ठेवायची, किती तापला ते पाहायला, आणि मान हलवायची. चंद्रभागाबाई दार घट्ट धरून उभ्या होत्या, कुणी आत येऊ नये म्हणून. उन्हं वर येईपर्यंत बरीच गाणी झाली. सगळी नाही. एका हाकेवर आवाज फुटला तो परत लागलाच नाही. त्यांनी माइकला नमस्कार केला आणि उठले. दुपारी ते नागपूरला गेले.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी मी भेटायला गेले. गळ्याला नळी, पट्टी. गाठ निघाली होती. तपासणीचा कागद यायचा होता, आणि आवाज किती राहील ते जखम भरल्यावर पाहू, असं डॉक्टर म्हणत होते. तेजरामजींच्या हातात चमचा होता. खाटेच्या लोखंडी दांड्यावर ठोकून ते बोलत होते. वसाहतीत आयुष्य गेलेल्या चंद्रभागाबाईंना टोले समजावून सांगावे लागले नव्हते.

मेघाने मोबाइलमध्ये गाणी आणली होती. तिने त्यांच्या कानाला हेडफोन लावला, आणि स्वतःसाठी आणलेला दुसरा मला दिला. ते डोळे मिटून ऐकू लागले. एक गाणं गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्यात, दोन कडव्यांच्या मधल्या शांततेत, त्यांनी डोळे उघडले आणि चमचा मारला. एकदाच.

थांब.

मेघाने झटकन मोबाइल उचलला. तिने थांबवलं. "काय झालं बाबा? घुं आहे का? राहिली का?" आता ते गाणं पुन्हा घेता येणार नव्हतं, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तेच सगळ्यांच्या तोंडावर होतं. त्यांनी बोटाने मागे नेण्याची खूण केली. तिने मागे नेलं. मीही कान देऊन ऐकलं. घुं नव्हती. कडवं संपलं, आणि त्या शांततेत, अगदी दूर, बारीक काच वाजली. किण. "बांगडी वाजली," मी म्हणाले.

तेजरामजींनी मान वळवून चंद्रभागाबाईंच्या हातांकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं, आणि बांगड्या पदराखाली झाकल्या. "अवो, मी तर दार धरून होती! जरासा हात हलला असंन." त्या रडवेल्या झाल्या. "मेघा, काढून टाकता येते का थो?"

"येतं आई, तेवढंच पुसता येतं."

त्यांनी मेघाचा हात धरून खाली ठेवला. मग चमचा उचलून दांड्यावर सावकाश ठोकला. एक, दोन, तीन. माणूस आहे, हळू ने.

मेघाने गाणं पुढे चालू केलं.