मनगटावरच्या पट्ट्याचा भाव

“नाय,” हिरामावशी म्हणाल्या आणि डावा हात पदराखाली लपवला.

समोर अनुजा मॅडम बसल्या होत्या. हातात घड्याळासारखा पट्टा, पण त्याला काटे नाहीत की आकडे नाहीत. आत सेन्सर. छातीचे ठोके, चालणं, झोप, माणूस कुठे आहे, सगळं तो मोबाइलवर कळवतो. मावशींना डिमेन्शिया आहे, म्हणजे विसरण्याचा आजार. अशा माणसांना हा पट्टा सोसतो का, काय टोचतं, काय नको वाटतं, हे त्यांच्याच तोंडून ऐकायचं, असा मॅडमचा रिसर्च होता. घरच्यांना विचारून भागत नाही म्हणायच्या.

मी मावशींना सांभाळते. लालबागला सकाळी येते, संध्याकाळी जाते. मावशींनी जन्मभर मासे विकले. आता मुलाचं नाव विसरतात, पण पापलेट हातात आलं की दाबून बघितल्याशिवाय राहत नाहीत. मागे एकदा मी यायच्या आधीच घरातून निघून गेल्या. सापडल्या कुठे, तर दादरला मासळी बाजारात, भलत्याच कोळणीच्या पाटीमागे बसून गिऱ्हाईक करताना. ती कोळीण म्हणाली, “राहू द्या की थोडा वेळ. माझ्यापेक्षा भाव चांगला आणतायत.”

त्यांचा मुलगा दिनेशदादा मात्र घाबरला होता. त्याने दाराला वर, मावशींचा हात पोचणार नाही अशी कडी बसवली. तेव्हापासून मावशी खिडकीला चिकटून. जेवण अर्धं, बोलणं त्याहून कमी. दादा एवढंच म्हणायचा, “पट्टा घालू दे, मग ती कुठे आहे ते मला दिसेल. मग कडी काढतो.”

म्हणजे सगळं त्या पट्ट्यावर आलं होतं, आणि मावशी नाय म्हणत होत्या.

पहिल्या खेपेलाही नायच म्हणाल्या होत्या. मॅडमचा नियम कडक. कन्सेंट म्हणजे त्या माणसाची स्वतःची परवानगी. ती दर वेळी नव्याने विचारायची, आणि दोनदा नाही आलं तर नाव काढायचं. ही दुसरी खेप होती.

“आई, घाल ना गं!” दादा म्हणाला.

“मना नको.”

“बघ तरी. किती हलका आहे.”

“हलका? मंग तर नकोच.”

मी लाडू पुढे केला. मावशींनी लाडू खाल्ला आणि हात परत पदराखाली घेतला.

दादा वैतागला. “मॅडम, मी सही करतो. मुलगा आहे मी.”

“सही तुमची चालेल दादा, पण हात त्यांचा आहे.” मॅडमनी पट्टा डबीत ठेवला. “मावशी, तुम्हाला नको ना? काही हरकत नाही. मी निघते.”

आणि खरंच उठल्या. आम्ही दोघं महिनाभर मावशींच्या मागे लागलो होतो, पण उठून निघालं असं कोणी नव्हतं. मॅडमनी चपला घातल्या, दार उघडलं. आता कडी कायमची.

“ए बाय!”

मॅडम वळल्या.

“अशी काय निघालीस गो? बोल, किती वेळ घालू?”

दादाने कपाळावर हात मारला. “अरे देवा! आई भाव करतेय!”

मॅडम परत येऊन बसल्या. त्यांना भाव करायची सवय नव्हती. “दिवसरात्र घालायचा आहे, मावशी.”

“येडी हायस काय? दिवसाचा घेते. रातचा नाय.”

“बरं. फक्त दिवसाचा.”

मावशींचा चेहरा पडला. इतक्या पटकन हो म्हणणारं गिऱ्हाईक त्यांना आवडत नाही. “मंग दुपारच्या झोपेला पण नाय!”

“मॅडम, उठा,” दादा कुजबुजला. “परत उठा!”

मॅडम हसत हसत उठल्या. “मावशी, खरंच नको असेल तर मी जाते हं.”

“जा की! कोणी धरलीय तुला?” असं म्हणत मावशींनी त्यांच्या पर्सचा बंद घट्ट धरला होता.

मला हसू आवरेना. तोंडात पदर कोंबला. दादा तर जमिनीवरच बसला. दुपारची झोप मॅडमना मिळाली, रात्र मावशींना. मग मावशी म्हणाल्या, “आधी तू घाल. तुझा हात तर रिकामाच हाय.” मॅडमनी दुसरा पट्टा काढून स्वतःच्या मनगटावर लावला. मावशींनी तो फिरवून फिरवून बघितला, बोटाने दाबला, ताजा असल्याची खात्री केली आणि हात पुढे केला.

“रात्री मी घरात असतोच,” म्हणत दादाने स्टूल आणलं आणि त्याच संध्याकाळी कडी काढली.

दुसऱ्या दिवशी मावशी पुढे, मी मागे, अशा आम्ही बाजारात गेलो. जरा वेळाने माझा फोन वाजला. मॅडम.

“अहो, मावशींचे ठोके एकदम वाढलेत! बऱ्या आहेत ना?”

“एकदम बऱ्या आहेत. बोंबलाच्या भावावरून भांडतायत.”

“कोण जिंकतंय?”

“आपणच.”

रात्री पट्टा काढायची सूट आता मॅडमच्या रिसर्चमध्ये सगळ्यांनाच आहे. ज्याला हवी त्याने घ्यायची. बऱ्याच जणांनी घेतली म्हणे. दिवसाचा पट्टा मात्र मावशींना रोज नव्याने विचारावा लागतो, आणि रोज नव्याने भाव होतो. मागच्या आठवड्यात मॅडम आल्या तेव्हा मावशींनी त्यांचा पट्टाच मागून घेतला, स्वतःचा त्यांना दिला. त्या दिवशीची माहिती मॅडमना टाकून द्यावी लागली.

माझ्या कामात मी एवढाच फरक केला. आंघोळीला चला म्हटलं आणि मावशी नाय म्हणाल्या, की मी गुमान खोलीतून निघते. बहुतेक वेळा दारापर्यंत पोचायच्या आत हाक येते. कधी नाही येत. त्या दिवशी आंघोळ नाही.