तात्पुरत्या पाटीची गाडी

माझी नवीकोरी गाडी अल अझीझियातल्या आमच्या इमारतीच्या बेसमेंटमध्ये उभी होती आणि ती हलवायची मला परवानगी नव्हती. पोलिसांची परवानगी होती, विम्याची होती, शोरूमची होती. नव्हती ती फक्त माझ्या नवऱ्याची. कारण काय, तर गाडीला पुढेमागे तात्पुरत्या नंबरच्या पाट्या होत्या. "खरा नंबर येऊ दे, पूजा होऊ दे, नारळ फुटू दे, मग हिंड की हवी तेवढी," हे त्याचं पालुपद. गाडी माझ्या नावावर, किल्ली त्याच्या ड्रॉवरमध्ये!

हा माणूस गॅसच्या प्लांटमध्ये सेफ्टी इंजिनिअर आहे. दिवसभर लोकांना हेल्मेट घाला, पट्टा लावा, पुरावा दाखवा म्हणून सळो की पळो करून सोडतो. आणि घरी आला की आठ या आकड्याला घाबरतो. आठ म्हणजे शनी. फ्लॅटच्या नंबरची बेरीज, मोबाइलची बेरीज, विमानातल्या सीटची बेरीज. बोर्डिंग पास हातात आला की आधी ओठ हलतात, मग पाय हलतात.

आणि गंमत बघा. कतारमध्ये आम्ही तात्पुरते आलो त्याला आता एक तप उलटून गेलं. दर वर्षी "आता पुढच्या वर्षी परत" असं ठरतं, म्हणून सोफ्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. पाहुणे बसले की सोफा कुरकुरतो. गाद्यांना प्लास्टिक, रिमोटला प्लास्टिक, माझ्या चांगल्या डिनरसेटला तर खोक्यातून बाहेर पडायचा व्हिसाच मिळालेला नाही. अशा घरात ह्याला एकच गोष्ट कायमची हवी होती, ती म्हणजे गाडीचा नंबर.

मला तर घाई होती, आणि ती आईमुळे.

आई नाशिकहून व्हिजिट व्हिसावर आली होती. माझ्या लहानपणी आमच्याकडे गाडी होती, पण त्या गाडीत आई कधी पुढे बसली नाही. पुढे बाबांच्या शेजारी काका, नाहीतर मामा, नाहीतर रस्त्यात भेटलेला बाबांच्या ऑफिसातला कुणी. आणि दोघंच कुठे निघाले तरी आई मागेच, कारण मांडीवर डबा. "भाजीचं तेल सांडेल सीटवर, तू धरून बस," असं बाबा म्हणायचे. तिनं अख्खा संसार बाबांच्या मानेकडे बघत केला म्हणा ना!

इथलं लायसन्स काढताना मी किती वेळा नापास झाले ते सांगणार नाही. शेजारी बसलेला परीक्षक शेवटी एकदाचा "खलास, पास" म्हणाला तेव्हा मी गाडीतच रडले, आणि तो बिचारा घाबरून मला टिश्यूचा डबा पुढे करत राहिला. आईला फोन केला. ती म्हणाली, "तू गाडी घे, मी येतेच. आणि ऐक, मी पुढे बसणार. तुझ्या शेजारी." सत्तरी ओलांडलेल्या बाईनं आयुष्यात पहिल्यांदा मागितलेली जागा होती ती. म्हणून ही गाडी. नवऱ्याची गाडी कंपनीची, ती त्याच्याशिवाय कुणी चालवायची नाही असा नियम.

शोरूममधला सेल्समन रत्नागिरीचा निघाला. माझं मराठी ऐकून खूश झाला, चहा मागवला, मला वहिनी करून टाकलं. गाडी दिली, पाट्या लावल्या आणि म्हणाला, "पक्का नंबर दोन-चार दिवसांत येईल. तोवर ह्या पाटीवर बिनधास्त चालवा, कागद सगळे आहेत. फक्त सीमेपलीकडे नेऊ नका, बस्स."

मी किल्लीला हात घातला, तर नवऱ्यानं आधी उचलली. त्यानं ती गाडी बेसमेंटपर्यंत स्वतः आणली, अंत्ययात्रेच्या वेगानं. आई तेव्हा घरी वाट बघत होती.

दोन-चार दिवसांत नंबर आला. सेल्समननं फोनवर सांगितला, नवऱ्यानं कागदावर उभी बेरीज मांडली आणि त्याचा चेहरा पडला. "नको. दुसरा बघा." तिकडून सेल्समन म्हणाला, "साहेब, गाडीचा नंबर आहे, पोरीची पत्रिका नव्हे जुळवायला." पण माणूस भला, दुसरा बघतो म्हणाला. "पुढच्या आठवड्यात, इन्शाल्ला."

"पुढच्या शुक्रवारी आई जातेय," मी म्हटलं.

"मग त्याच्या आत येईल की."

"आणि नाही आला तर?"

"शुभ बोल गं." संपला विषय.

मी भांडले नाही असं नाही. चांगली कडाकडा भांडले. अरे, ह्या देशात तुझा व्हिसा तात्पुरता, नोकरी तात्पुरती, घर भाड्याचं, आणि गाडीच्या पाटीला मात्र मंगळसूत्र हवं होय? तो म्हणाला, पहिलं चाक नीट पडलं पाहिजे, सगळे असंच करतात. तेही खरंच होतं. उम्म सलालला राहणाऱ्या त्याच्या मित्रानं नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवायला भारतातून लिंबं आणवली होती, इथली बिनबियांची निघाली म्हणून. अशा मंडळींत मी कुणाकडे दाद मागायची?

आई मात्र काही बोलली नाही. जावयाच्या घरी बोलायचं नाही, ही तिच्या काळची शिस्त. ती रोज सकाळी "पाय मोकळे करून येते" म्हणून लिफ्टनं खाली जायची. इमारतीच्या वॉचमननं मला सांगितलं, मदाम, तुमची ममा गाडीसमोर उभी असते. एकदा मी गुपचूप मागोमाग गेले. आई ओढणीच्या टोकानं बॉनेटवरची धूळ पुसत होती. इथे आल्यापासून ती पंजाबी ड्रेस घालायला लागली होती. मग ती गाडीच्या पुढे हात जोडल्यासारखी उभी राहिली आणि पुटपुटत राहिली. मला वाटलं, स्तोत्र म्हणतेय. म्हटलं, घ्या, आता हीसुद्धा जावयाच्या पंथाला लागली. आणि मला इतकं वाईट वाटलं की मी तशीच वर निघून आले.

शुक्रवार उजाडला, नंबर आला नव्हता.

नवरा नेहमीच्या उत्साहानं कंपनीच्या गाडीत बॅगा भरायला निघाला. "आई, तुम्ही मागे आरामात बसा. पुढे माझा लॅपटॉप आहे, तो मागे हिंदकळतो." आईनं मान डोलावली. मुकाट्यानं खजुराचा डबा उचलला, आणि मागे मांडीवर घेऊन बसायच्या तयारीनं छातीशी धरला.

तो डबा तसा धरलेला बघितला आणि माझं डोकं फिरलं. मी ड्रॉवर उघडला. किल्ली घेतली. कागद घेतले.

"काय करतेस?" नवरा म्हणाला.

"आईला सोडायला चाललेय. माझ्या गाडीतून."

"अगं पूजा नाही, नंबर नाही—"

"नंबर आहे. सरकारनं दिलाय, स्क्रूनं लावलाय. यायचं तर ये, नाहीतर सोफ्यावर बस, प्लास्टिक आहे, मळणार नाहीस."

तो आला. सेफ्टी इंजिनिअरच तो, बायकोला एकटी कसा सोडेल! पण पुढचा दरवाजा उघडायला गेला, सवयीनं. तेव्हा आई, जी महिनाभर जावयासमोर मोठ्यानं जेवलीही नव्हती, ती म्हणाली, "जावईबापू, तुम्ही मागे बसा. आणि हा डबा जरा धरा, कलंडायला नको." आणि डबा त्याच्या हातात देऊन ती पुढे बसली. पट्टा तिला लावता येईना, तो मी लावला. निघायच्या आधी ती पुन्हा खाली उतरली, पर्समधल्या डबीतलं कुंकू पुढच्या पाटीच्या कोपऱ्यात लावलं आणि परत येऊन बसली.

वेळ हाताशी होता, म्हणून विमानतळाच्या पुढे अल वक्र्याच्या समुद्रापर्यंत जाऊन आलो. मागून एक भली थोरली गाडी लाइट मारत अंगावर आली, बाजूला हो म्हणून. नवरा मागून ओरडला, "लेन बदल, लेन बदल!" आई शांतपणे म्हणाली, "तिला कळतंय." मी लेन बदलली. आई समोरच्या काचेतून नुसती बघत होती. रस्ता, सिग्नल, खजुरीची झाडं, सगळं तिला आधी दिसत होतं, आणि ती एकेक गोष्ट मला सांगत होती, जणू मी गाडी चालवताना डोळे मिटलेत. समुद्राशी थांबलो तर उतरायलाच तयार नाही. "इथूनच छान दिसतंय," म्हणाली. मला रडू आवरेना, आणि मी आवरलंही नाही.

ती नाशिकला परत गेली. त्यानंतरच्याच आठवड्यात पक्का नंबर आला. बेरीज सहा. सहा म्हणजे शुक्र, शुक्र म्हणजे वाहनसुख. नवऱ्याला आभाळ ठेंगणं झालं. शोरूममध्ये जुन्या पाट्या काढताना सेल्समननं कोपऱ्यातलं कुंकू बघितलं, अंगठ्यानं पुसलं आणि पाट्या काउंटरमागे ठेवून दिल्या. त्या परत द्याव्या लागतात म्हणे.

संध्याकाळी बेसमेंटमध्ये पूजा झाली. झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं, वॉचमन काळजीनं लांब उभा. नवऱ्यानं आईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन अभिमानानं नव्या पाटीसमोर धरला. "बघा आई, आता कशी शोभतेय! आता झाली खरी गाडी."

आईनं चष्मा वर सरकवून निरखून पाहिलं.

"हार छान आहे," ती म्हणाली. "पण ही कुणाची गाडी?"

"अहो आई, हिचीच! तीच गाडी."

"नाही हो. आमच्या गाडीचा नंबर मला पाठ आहे. रोज खाली जाऊन पाठ केला होता." आणि ती एका दमात म्हणाली, "सात, तीन, शून्य, चार, नऊ, तीन."

नवऱ्याच्या एका हातात नारळ होता. दुसऱ्या हाताची बोटं आपोआप हलू लागली. त्या पाटीची बेरीज त्यानं कधी केलीच नव्हती, तिला तो नंबरच मानत नव्हता ना! सव्वीस. दोन आणि सहा. त्याचा चेहरा उतरला.

"आई," तो हळूच म्हणाला, "आठ येतात."

"येईनात का," आई फोनमधून म्हणाली. "त्या गाडीत मी पुढे बसले होते."