चाळीस जणांची एक टाळी

आपल्याला माणूस बघताक्षणी कळतो, असं श्रीरंग टिपणिसांचं स्वतःबद्दल ठाम मत होतं. पुण्याहून दुबईला येऊन पंधरा वर्षं एचआरमध्ये काढलेली. आता एका नव्या, अजून न उघडलेल्या कॅसिनोत ते मॅनेजर होते. तिथे पत्ते वाटायचं ट्रेनिंग घेणाऱ्या चाळीस डीलर्सनी एकाच कागदावर सह्या करून मागितलं काय, तर तासभर उभं राहिल्यावर वीस मिनिटं बसू द्या. तेवढ्यावरून वरच्या साहेबांकडून "ही युनियन आहे. खलास करा," असा हुकूम सुटला.

टिपणिसांनी सगळ्यांना हॉलमध्ये जमवलं. "युनियन या देशात चालत नाही, आणि आपल्याला लागतही नाही. वी आर अ फॅमिली! ज्याला काही हवंय त्यानं आपला स्वतंत्र अर्ज द्यावा. सगळ्यांचा मिळून एक कागद पुन्हा नको. हॅपी?"

चाळिसांनी एकदम एकच टाळी वाजवली, तळहात उलटेसुलटे करून दाखवले आणि निघून गेले. टिपणिसांना भरून आलं. रिपोर्टमध्ये त्यांनी लिहिलं, 'एकमताने टाळ्या.'

दुसऱ्या दिवशी त्या चाळिसांतली गोव्याची उर्मिला केबिनमध्ये आली. टिपणिसांनी कौतुकानं विचारलं, "कालची टाळी कुणी बसवली?"

"बसवायची कशाला, सर? टेबल सोडताना डीलर तसंच करतो. इथलं काही घेऊन जात नाही, हे कॅमेऱ्याला दाखवायला." तिनं एक पाकीट पुढे ठेवलं. "राजीनामा. माझा एकटीचा."

दाराबाहेर एकोणचाळीस जण रांगेत उभे होते. प्रत्येकाच्या हातात स्वतंत्र अर्ज होता.