हृदय ठीक होतं, मी नव्हतो

"हृदय ठणठणीत आहे तुमचं," ईसीजीची पट्टी बाजूला ठेवत डॉक्टर म्हणाले. "हा पॅनिक डिसऑर्डर आहे."

हायसं वाटायला हवं होतं. मला मात्र लाज वाटली. मी जहाजावर सेकंड ऑफिसर. वादळात जहाज सांभाळलेला माणूस, आणि त्याला घाबरण्याचा आजार!

सुट्टीवर घरी आलो होतो. भाट्याच्या पुलावर स्कूटर चालवताना छाती आवळली, हात बधिर झाले, श्वास पुरेना. संपलं सगळं, असंच वाटलं. मागे बसलेल्या मेघनाने, माझ्या बायकोने, रिक्षा थांबवून मला रत्नागिरीतल्या हॉस्पिटलात नेलं. ट्रोपोनिन झाली, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झालीय का ते सांगणारी रक्ततपासणी. टूडी इको झाला, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. सगळं नॉर्मल.

पॅनिक डिसऑर्डर म्हणजे संकट नसताना शरीराने धोक्याचा भोंगा वाजवणं. "भोंगा खोटा असला तरी त्रास खरा असतो," डॉक्टर म्हणाले. तुमच्यापैकी कुणाला असं झालं तर आधी हृदय तपासून घ्या. ते ठीक निघालं तर 'काही नाही झालेलं' म्हणून घरी बसू नका.

गोळ्या सुरू झाल्या. जोडीला समुपदेशक बाईंकडे जाऊ लागलो. एकदा त्या म्हणाल्या, "या जिल्ह्यात घरटी दर्यावर्दी, पण माझ्याकडे त्यांतलं कुणी येत नाही."

ते वाक्य डोक्यातून जाईना. कंपनीचा फोन आला तेव्हा मी बऱ्यापैकी सावरलो होतो, तरी नाही म्हटलं.

"जहाज सोडून काय करणार आहेस?" मेघनाने विचारलं.

"एम.ए. समुपदेशन मानसशास्त्रात."

ती म्हणाली, "माझी शाळेची नोकरी आहे. शिक तू."

अभ्यास जड नव्हता, गप्प बसणं जड होतं. पहिल्याच सरावात समोरच्याला मी भराभर उपाय सांगितले. शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "तुम्ही ऐकलं कुठे? हुकूम सोडलेत." पहिल्या परीक्षेत पेपर लिहिताना पुन्हा छाती आवळली. पेन खाली ठेवलं, लाट येऊ दिली, जाऊ दिली, आणि पेपर पूर्ण केला.

बाबा जहाजावरचे निवृत्त इंजिन फिटर. माझ्या आजारावर ते कधी बोलले नव्हते. एका दुपारी नारळ सोलता सोलता म्हणाले, "त्यात हात बधिर होतात काय रे?"

"होतात."

"इंजिनरूममध्ये व्हायचं मला. शिडी धरून बसायचो. वाटायचं, इथेच मरणार आणि घरी कळायचंसुद्धा नाही."

"अजून होतं?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

शिकलेलं सगळं जिभेवर आलं होतं. पण पोराने बापाचा समुपदेशक व्हायचं नसतं, हेही शिकलो होतो. "बाबा, माझ्या समुपदेशक बाईंकडे जाऊया. मी येतो बरोबर."

इस्त्रीचा सदरा घालून ते निघाले. तिथे शेजारी बसलेल्या गृहस्थांनी विचारलं, "मुलाला दाखवायला आणलंत?"

"नाय हो," बाबा म्हणाले, "मलाच दाखवायचंय. भीती वाटते मला."

त्या गृहस्थांनी बाबांकडे पाहिलं, आणि जरा सरकून बसत म्हणाले, "मला पण."