जिवंत माणसाचा काळापांढरा फोटो

सू मालकाच्या कार्यालयाची काच फुटली ती पेरूच्या सरबताच्या डब्याने. दुसरा डबा मालकाच्या कपाळावर बसला. तिसरा यू-छिनच्या कानाजवळून सणसणत गेला आणि भिंतीवरच्या पंख्यात अडकला. पंख्याने तो असा भिरकावला की फेकणाऱ्याच्याच नडगीवर! पण हसायला सवड होती कुणाला? फेकणारे होते खाटीक संघाचे अध्यक्ष खो यांचे दोन मुलगे, आणि डबे होते बापाच्या मयताचे. बाप मात्र ठणठणीत जिवंत.

ही सगळी करणी यू-छिनची. देवळामागे टर्कीभात विकणाऱ्या त्सेंगबाईंची ही मुलगी. सकाळी सू मालकाकडे वेबसाइट बनवायला शिकायची, दुपारी कॉलेज गाठायची. मधला रस्ता ती स्कूटरवरून असा हाणायची की तैवानातल्या त्या च्याई गावच्या चौकातले पोलीसही "आली बया!" म्हणून मागे सरायचे. प्रमाणपत्रावर मालकाचा शिक्का मिळाला नाही तर शिकाऊ काम फुकट. इकडे संख्याशास्त्राच्या लियाओ सरांनी भर वर्गात बजावलेलं, "त्सेंग, आता एक जरी तास बुडवलास ना, तर या विषयात नापास!" मग काय, सरांच्या तासाला मागच्या बाकावर मालकाचं काम, आणि मालकाकडे बसून सरांची गणितं.

अशाच एका तासाला, सर फळ्यावर आणि ही मांडीवरच्या लॅपटॉपवर, घोळ झाला. अध्यक्षांच्या सत्तरीची वेबसाइट होती. हिने फोटो काळापांढरा ठेवला. माऊसचा बाण वर नेला की रंग भरणार. मोठं झकास दिसत होतं. पण मोबाइलला कुठला आलाय बाण? सगळ्या गावाला दिसला अध्यक्षांचा काळापांढरा चेहरा, भोवती पांढरी फुलं, खाली जन्मसाल. असा फोटो इथे मेलेल्या माणसाचाच लावतात. झालं! सकाळी अध्यक्षांच्या दारात मयताच्या घरी पाठवतात तो सरबताच्या डब्यांचा मनोरा उभा. पाठोपाठ मुलांची म्हातारी आत्या, माहेरच्या मयताला येतात तशी गुडघ्यांवर रांगत, ऊर बडवत उंबऱ्यापर्यंत आली. दार उघडलं ते दात घासत असलेल्या अध्यक्षांनीच. आत्या जागेवर आडवी.

मुलांनी मनोरा टेंपोत भरला, वर डुकरं टांगायचे लोखंडी आकडे घेतले आणि सू मालकाकडे निघाले.

डबे बरसू लागले तेव्हा यू-छिनच्या तासाची वेळ झाली होती. हेल्मेट हातात घेऊन ती मागच्या जिन्यात उतरलीसुद्धा. वरून थोरल्याची डरकाळी आली, "कुणी केलं हे? नाव सांग, नाहीतर इथेच सोलतो तुला!"

"मीच केलं, दादा. माझंच कार्यालय ना!" सू मालकाचा आवाज. मग फाडकन आवाज झाला आणि दात सांडल्यासारखं काहीतरी फरशीवर खळखळलं.

एरवी हाच मालक तिला सकाळ-संध्याकाळ "ए आंधळे, डोळे काय घरी ठेवून येतेस?" म्हणून घालूनपाडून बोलायचा. आज नाव सांगून सुटायचं, तर मार खात होता. यू-छिन जिन्यातच थबकली. खाली स्कूटर, वर मालक.

"वर्ष गेलं चुलीत!" म्हणत ती वर धावली आणि आत शिरताक्षणी हेल्मेट थोरल्याच्या तोंडावर हाणलं. नाक फुटलं, रक्ताची धार तिच्या सदऱ्यावर. धाकट्याने आकड्याची दांडी फिरवली. तिच्या डाव्या मनगटातून काडकन आवाज आला. ती कोसळली, पण कोसळता कोसळता त्याच्या पोटरीला अशी चावली की तो लहान पोरासारखा बोंबलला, "आई गं! कुत्री आहे का ही?"

"कुत्री नाही, शिकाऊ!" मालक टेबलाखालून म्हणाला.

तेवढ्यात दारात खो अध्यक्ष. मागून धापा टाकत आलेले. त्यांनी आधी दोन्ही मुलांच्या कानशिलात वाजवल्या. "सत्तरीच्या दिवशी बापाला खुनाच्या खटल्यात बसवता काय रे?" मग यू-छिनची मान पंज्यात धरून तिला खुर्चीत आदळलं. "आणि तू! मला मारलंस ना? आता जिवंत कर."

मान त्यांच्या मुठीत, डावा हात लोंबकळतोय, अशा अवस्थेत तिने उजव्या हाताने फोटो काळापांढरा करणारी ती एक ओळ शोधली आणि पुसली. अध्यक्षांच्या मोबाइलवर त्यांचे गाल गुलाबी झाले. ते पकड सैल करत म्हणाले, "फुलंही लाल कर."

ती वर्गात पोचली तेव्हा हजेरी संपली होती. सदरा रक्ताने माखलेला, मनगट कलिंगडासारखं सुजलेलं.

"सर, मी आलेय."

लियाओ सरांचा खडू गळून पडला. "अगं, दवाखान्यात जा!"

"आधी हजेरी घाला."

"नाव पुकारून झालं, त्सेंग. गैरहजर ती गैरहजर."

सरांनी शब्द पाळला. विषय गेला, पदवी एक वर्ष लांबली.

शिक्का मात्र मालकाने सुजल्या तोंडाने त्याच आठवड्यात दिला. वर पुढच्या वर्षासाठी तिला पगारावर ठेवलं. आता तासाची वेळ झाली की तोच तिची खुर्ची ओढतो. पुढचे दात नसल्यामुळे शिव्या फुसफुसत बाहेर पडतात, "ऊठ गं आंधळे! काम राहू दे. निघ, नाहीतर मीच टाकतो डबा डोक्यात!"